मोठी सुट्टी

केंद्राच्या कॅफेबाहेर जी भलीमोठी पाटी आहे, तिच्यावर हसणारा माणूस माझा दीर आहे. फोटो जुना आहे. त्यात केस काळे आहेत, पुढचा दात जागेवर आहे आणि हातातला ट्रे त्याने अशा रुबाबात धरलाय की बघणाऱ्याने आत जाऊन निदान चहा तरी घ्यावा. लोक त्या पाटीखाली उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. काढोत बापडे.

त्याला सगळे मालक म्हणतात. हे नाव केंद्रातल्याच मुलांनी पाडलं, कारण कॅफे सुरू झाला त्या दिवसापासून हा दारात उभा राहून येणाऱ्याला "या, बसा, आपलंच आहे" म्हणायचा. घरातही तेच नाव चिकटलं. मी खुशीत असले की "मालक, उठा", चिडले की "ए मालक, ऊठ". त्याला डाउन सिंड्रोम आहे. हे मी मुद्दाम नंतर सांगतेय, कारण तेवढं ऐकलं की लोक पुढचं काही ऐकतच नाहीत.

लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, "माझ्यामागे हा तुझ्या गळ्यात पडणार आहे. नाही म्हणायचं तर आत्ता म्हण." मी नाही म्हटलं नाही. त्यात माझा थोरपणा वगैरे काही नव्हता, थोरला मुलगा मला आवडला होता. तरी आजही बायका भेटल्या की मान वाकडी करून म्हणतात, "किती करतेस गं त्याचं!" माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझ्या शिवणाच्या दुकानात मी माणसांच्या पँटी आखूड करते आणि चेन बदलून देते, त्याबद्दल कुणी माझ्याकडे असं बघत नाही.

अशा मुलांसाठीचं हे केंद्र सासूबाईंनीच सुरू केलं होतं, त्यांनी आणि त्यांच्यासारख्या चारपाच आयांनी, एका रिकाम्या गॅरेजमध्ये. खुर्च्या ज्याने त्याने आपापल्या घरून आणलेल्या. आया एकमेकींजवळ रडून घ्यायच्या आणि पोरं तेवढ्यात एकमेकांचे डबे फस्त करायची. एवढाच कार्यक्रम, पण त्या गॅरेजने आमच्या घराला तारलं असं सासूबाई म्हणत, आणि ते खरं होतं. पुढे इमारत झाली, खाली कॅफे झाला, आणि सगळं चालवायला ताई आल्या.

ताई माझ्याहून लहान आहेत, पण केंद्रातल्या गवईच्या सत्तरीतल्या आईपासून सगळे त्यांना ताईच म्हणतात. कामाला वाघ आहेत, हे मी नाकारत नाही. फक्त त्यांच्याकडे सगळ्याला एकच शब्द आहे, गोड. मालकाने टेबल पुसलं, गोड. मालकाला राग आला, किती गोड. एकदा त्याने दरवाजात बोट चेमटून घेतलं आणि एक सणसणीत शिवी हासडली, तर त्यावरही ताई म्हणाल्या, "अय्या, गोड!"

गवई म्हणजे मालकाचा जिवलग. दोघे एकाच टेबलावर बसून चमचे पुसायचे आणि गवई अखंड गायचा, सुरात कधीच नाही. त्याचं हृदय जन्मापासून अधू होतं. एका दुपारी तो घरी जाऊन झोपला आणि उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवे एप्रन द्यायला केंद्रात गेले होते. ताईंनी सगळ्यांना गोलात उभं केलं, खुंटीवरचा गवईचा एप्रन काढला, नीट घडी घातली आणि वरच्या कपाटात ठेवला. मग हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "आपला गवई मोठ्या सुट्टीवर गेलाय. त्याच्यासाठी टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी गवईची आई उभी होती, तिनेही वाजवल्या.

मी ताईंना गाठून म्हटलं, "सरळ सांगा ना, मेला म्हणून. कळतं त्यांना."

"अहो वहिनी, त्यांची मनं कोवळी असतात. असं एकदम नाही सांगायचं."

"आणि ही सुट्टी संपणार कधी, असं विचारलं तर?"

"नाही विचारत हो ते," ताई म्हणाल्या.

आणि खरंच कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या नवऱ्याला तो शब्द आयता मिळाला. कठीण बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते, तो स्वभावच आहे. त्याने मालकाला जवळ घेतलं आणि म्हणाला, "आई मोठ्या सुट्टीवर गेली रे." मालकाने मान हलवली आणि टाळ्या वाजवल्या. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर. नवऱ्याने त्याचे हात धरून ठेवले. त्यानंतर मालकाने आईचं नाव काढलं नाही, आणि आम्ही आपले म्हणत राहिलो की बरं झालं, विसरला.

यंदा मालकाचे केस झरझर पिकले. या लोकांना म्हातारपण लवकर गाठतं, डॉक्टर आधीच म्हणाले होते. हात हळू चालायला लागला. एकदा कप पडला, एकदा चहा चुकीच्या टेबलावर गेला. तेवढ्याने कुणाचं काही बिघडलं नाही, पण पालक सभेत ताईंनी विषय काढला. कॅफेत नव्या मुलांना संधी द्यायला हवी, तरुण चेहरे हवेत, मोठ्यांनी आता आराम करायला हवा. ज्यांची मुलं तरुण होती त्या पालकांनी माना डोलावल्या. ज्यांची मोठी होती त्यांनी मूग गिळले. मी उठून म्हटलं, "घरी बसून तो करणार काय?" ताई म्हणाल्या, "आराम, वहिनी! किती वर्षं केलंय त्याने!" आराम हा शब्दही त्यांनी गोडच्याच चालीवर म्हटला.

निरोपाच्या दिवशी मला दुकान सोडता आलं नाही. माझी मुलगी काकाला आणायला गेली होती. तिने येऊन सांगितलं की सगळ्यांना गोलात उभं केलं, काकाचा एप्रन काढून घडी घातली आणि टाळ्या वाजवल्या. "ताई म्हणाल्या, मालक आता मोठ्या सुट्टीवर."

मी त्या वेळी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते. नुसतं "बरं" म्हटलं. कामावरून काढणं आणि वर त्याला सुट्टी म्हणणं, याचाच राग इतका होता की त्या शब्दात आणखी काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मालक बदलला. त्याने हातातलं घड्याळ माझ्या मुलीला दिलं. रेडिओ माझ्या मशीनजवळ आणून ठेवला. चांगला शर्ट घातला, भांग पाडला, बूट घातले आणि पलंगावर उताणा पडून राहिला, हात सरळ, डोळे मिटलेले. जेवायला बोलावलं तर "नको". चहा आणला तर "नको". मला वाटलं रुसलाय, रुसू दे, रुसायला कारणही आहे. पण रुसलेला मालक दारं आपटतो आणि चोरून खातो. हा शांत होता. चमच्याने पाणी घालावं लागायला लागलं तेव्हा माझे धाबे दणाणले.

डॉक्टरांनी तपासलं. शरीर ठीक आहे म्हणाले. या वयात मन असं विझत जातं म्हणाले. नवऱ्याने ते लगेच मान्य केलं, कारण त्यात कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. मला पटलं नाही. विझायला लागलेला माणूस आधी बूट पॉलिश करून घेत नाही.

शेवटी माझा तोल गेला. मी त्याच्या अंगावरची चादर ओढली आणि ओरडले, "ए मालक, ऊठ! सुट्टी म्हणजे काय असं मुडद्यासारखं पडून राहायचं असतं?"

त्याने डोळे उघडले. "हो," म्हणाला.

"हो काय?"

"गवईला झोपेत झालं. पटकन. आईला पण झालं." मग जरा कुशीवर वळून, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्याने विचारलं, "वहिनी, मला का होत नाहीये?"

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. एप्रनची घडी, कपाट, टाळ्या, मोठी सुट्टी. त्याने कुठेही चूक केली नव्हती. सुट्टी आणि टाळ्या म्हणजे मरण, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. तो काही विसरला नव्हता. पहिल्या दिवसापासून त्याला सगळं कळलं होतं, आणि आपली पाळी आल्यावर सांगितल्यासारखा तो मरायला येऊन पडला होता.

मी त्याला हलवलं, रडले, हजार वेळा सांगितलं की तू मरणार नाहीयेस. तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. "तू केंद्रातली नाहीस ना," तो म्हणाला. "ताईंनी सांगितलंय."

म्हणजे आता ताईंनीच सांगायला हवं होतं. मी फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अरे देवा. किती निरागस!" गोड म्हणाल्या नाहीत, एवढी त्यांना जाण होती. मी म्हटलं, "तुम्ही घरी या आणि त्याला तोंडावर सांगा, की तुझं मरणबिरण काही नाही, आम्ही चुकीचा शब्द वापरला." त्या म्हणाल्या, "नाही, नाही, मरण वगैरे शब्द नकोच. उद्या त्याला कॅफेतच घेऊन या. मी बघते."

माझ्या मुलीने काकाच्या कानात "ताईंनी बोलावलंय" म्हटल्याबरोबर तो उठून बसला. आम्ही दोघींनी त्याला धरून नेलं.

कॅफेत त्या दिवशी पाहुणे होते. केंद्र बघायला आलेली माणसं, कडक कपड्यांतली, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आधीच कौतुक. ताईंनी वरच्या कपाटातून मालकाचा एप्रन काढला, उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मालकांची सुट्टी संपली! टाळ्या!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. आणि ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आजच्यापुरतं हं, वहिनी. हळूहळू घरी रमेल तो."

माझं लक्ष मालकाकडे होतं. त्याने एप्रन बांधला, दोनदा गाठ मारली. मग काउंटरवरचा टोस्ट उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. दुसरा खाल्ला. चहा प्यायला. मनात म्हटलं, जाऊ दे, शब्दाला शब्द लागू पडला, बाकीचं नंतर बघू.

पोटात चार घास गेल्यावर तो कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. दोन खुर्च्या मांडल्या, चमच्यांचा डबा मध्ये ठेवला, पुसायची फडकी दोन्ही बाजूंना. मग कपाटापाशी गेला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "गवईचा द्या."

"काय रे?" ताईंनी विचारलं.

"एप्रन. माझी संपली ना सुट्टी. त्याची पण संपेल. तो येईल तेव्हा लागेल." त्याचा चेहरा असा फुलला होता की मला तिकडे बघवेना. "आई पण येईल?"

पाहुणे बघत होते. ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. आणि ताईंनी, माझ्या देखत, म्हटलं, "येतील हं. येतील सगळे."

"कोणी येणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "मेलेत ते."

ताई पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "घरच्यांवर फार ताण असतो हो." आणि मालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला समजावल्यासारखा. "वहिनी, तुला नाही माहीत," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा टेबलावर एक ताट जास्त होतं. सासूबाईंचं, कडेला टवका गेलेलं, फळीच्या मागून शोधून काढून त्याने धुऊन पुसून ठेवलं होतं. मी वाढलं. त्याने आपलं ताट जरा पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"जेव रे," नवरा म्हणाला.

"आई आल्यावर."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी नवऱ्याकडे बघितलं. मी काही बोलणार नव्हते. माझं बोलून झालं होतं, आणि मी केंद्रातली नव्हते, तशी आईचीही नव्हते. हे काम त्याचं होतं. त्याने घास खाली ठेवला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी प्यायला.

"आई मेली रे," शेवटी तो म्हणाला. "गवईपण मेला. सुट्टीबिट्टी काही नव्हती. मी खोटं बोललो. मेलेली माणसं येत नाहीत."

मालकाने ते ऐकून घेतलं. "माहितीये मेली ते," तो म्हणाला. "पण ताई म्हणाल्या, सुट्टी संपते."

"नाही संपत. ताईपण खोटं बोलल्या."

"मग मी?"

"तू नाही मेलास. तू धडधाकट आहेस."

"मग मला का दिली सुट्टी?"

नवऱ्याची जीभ पुन्हा चिकटली. एवढं बोलला हेच खूप होतं. मी म्हटलं, "तुला सुट्टी नाही दिली, मालक. तुला कामावरून काढलं. तुझा हात हळू चालतो म्हणून. आणि केस पिकले म्हणून."

काढणं त्याला माहीत होतं. कॅफेत भांडी घासणाऱ्या एका माणसाला चोरीवरून काढलं होतं, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता.

"मी साखर नाही चोरली," तो म्हणाला.

"नाही चोरलीस."

"मग तसं सांगायचं ना," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. आई गेली तेव्हा जो रडला नव्हता तो आता रडला, मोठ्याने, नाक गळेपर्यंत, आणि रडता रडता जेवला. नवऱ्याने उठून ते जास्तीचं ताट उचललं, पण कुठे ठेवावं ते त्याला सुचेना, ते हातात धरून तो स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला.

सकाळी मालक माझ्याआधी उठला होता. एप्रनची घडी घालून तयार. काढलेल्या माणसाने एप्रन परत द्यायचा असतो, त्या भांडीवाल्यानेही दिला होता. मी बरोबर गेले. ताई आल्या नव्हत्या. काउंटरवर नवी मुलगी होती, केंद्रात हौसेने मदत करायला येणाऱ्यांपैकी, चुणचुणीत, हातात मोबाइल. मालकाने एप्रन तिच्यासमोर ठेवला. मग तिला बोटाने खुणावून बाहेर बोलावलं, पाटीखाली नेलं आणि सरळ उभा राहिला.

"मला काढलं," तो म्हणाला. "आता फोटो काढा."

मला कळलं त्याला काय म्हणायचंय. पाटीवरचा, तो वरचा, तो काढून टाका. मी तोंड उघडेपर्यंत ती मुलगी खुशीत म्हणाली, "काढते की! त्यात काय!" आणि दोन पावलं मागे सरकून तिने मोबाइल वर धरला.

"हसा, मालक!"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात ट्रे धरल्यासारखा वर गेला, आणि तो हसला.